बॉनेटखालच्या गोष्टी

एका माणसाने मोटार कंपनीला पत्र लिहिलं. रात्रीच्या जेवणानंतर घरातल्या सगळ्यांसाठी आइस्क्रीम आणायचं, हा त्याचा नेम. त्यासाठी तो आपली नवी पॉन्टियाक बाहेर काढी. चॉकलेट किंवा स्ट्रॉबेरी घेतलं तर परतताना गाडी निमूट सुरू होई. व्हॅनिला घेतलं की मात्र कितीही सेल्फ मारा, ढिम्म. गाडीला व्हॅनिलाचं वावडं आहे का, असं त्याने गंभीरपणे विचारलं होतं. कंपनीत हशा पिकला, तरी एक इंजिनिअर धाडला गेला. काही रात्री ग्राहकासोबत काढल्यावर हा माणूस खोटं बोलत नाही, हे त्याला मान्य करावं लागलं. मग तो वही घेऊन वेळा टिपू लागला. उलगडा असा झाला, की व्हॅनिला सर्वांत जास्त खपतं म्हणून दुकानदाराने ते दाराशीच ठेवलं होतं. बाकीच्या चवींसाठी आत जाऊन थांबावं लागे. व्हॅनिलाच्या रात्री गाडी फार लवकर पुन्हा सुरू करायची वेळ येई, इंजिन तापलेलंच असे आणि पेट्रोलच्या नळीत वाफ कोंडून बसलेली असे. मेकॅनिक ज्याला व्हेपर लॉक म्हणतात, ते.

या गोष्टीची एक वेगळी आवृत्तीही सांगितली जायची. तिच्यात चव पिस्ता आहे आणि कारण नेमकं उलटं. बाकीच्या चवींचे डबे तयार मिळत, पिस्ता मात्र हाताने भरून द्यावा लागे. त्यात वेळ जाई आणि तेवढ्या वेळात नळीत वाफ धरे. इंजिनाचं शास्त्र पाहिलं तर पिस्तावालाच जास्त खरा. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, रेडिएटरमधलं पाणी फिरायचं थांबतं, पण लोखंडात मुरलेली उष्णता तिथेच असते. पुढची काही मिनिटं बॉनेटखालचं तापमान उतरण्याऐवजी चढत जातं आणि नळीतलं पेट्रोल उकळू लागतं. पंप बिचारा द्रव ओढण्यासाठी बनवलेला, वाफेपुढे त्याचं काही चालत नाही. लगेच सेल्फ मारला तर गाडी बहुधा सुरू होते, पुरेशी थंड होऊ दिली तरी होते. अडचण मधल्या वेळाची. म्हणजे जगभर पोचलेली व्हॅनिलाची गोष्ट शास्त्राच्या बाजूने लंगडी आहे आणि शास्त्रशुद्ध पिस्ता मागे पडला. मला त्यात काही अन्याय वाटत नाही. दाराशी मांडलेलं आइस्क्रीम डोळ्यांसमोर उभं राहतं. बॉनेटखाली चढत जाणारं तापमान कुणाला दिसतंय?

मोटारीच्या धंद्यातल्या अशा गोष्टींचा मला जुना नाद आहे. ऐकली की खरी का खोटी, हे मी आधी विचारत नाही. ती कोण सांगतंय आणि सांगून त्याला कसलं समाधान मिळतंय, ते आधी पाहतो. व्हॅनिलाची गोष्ट इंजिनिअर लोकांची लाडकी आहे, कारण तिच्यात शेवटी इंजिनिअर जिंकतो. पण ती ग्राहकालाही आवडते, कारण त्याने सांगितलेलं लक्षण खरं निघतं, चुकतं ते फक्त निदान. कुठल्याही गॅरेजमध्ये जा, निम्मं संभाषण याच धाटणीचं असतं. ‘डावीकडे वळताना कुईं वाजतं’ हे गिऱ्हाइकाचं म्हणणं मेकॅनिक शंभर टक्के मानतो आणि ‘त्यामुळे गिअरबॉक्स गेला असणार’ हे दुसऱ्या कानाने सोडून देतो.

दुसरी जात गिऱ्हाइकांच्या स्वतःच्या गोष्टींची. हिचा राजा म्हणजे जादूचा कार्ब्युरेटर. कुणाच्या तरी मित्राच्या मेहुण्याने नवीकोरी गाडी घेतली. पाहतो तर काय, पेट्रोलचा काटा हलायला तयार नाही. भाबडेपणाने त्याने शोरूमला फोन करून गाडीचं कौतुक केलं. त्या रात्री, किंवा पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी, कंपनीची दोन माणसं आली, बॉनेट उघडलं, काहीतरी काढलं, काहीतरी बसवलं. दुसऱ्या दिवसापासून गाडी चारचौघींसारखं ॲव्हरेज देऊ लागली. चुकून विकला गेलेला प्रायोगिक कार्ब्युरेटर कंपनीने परत नेला होता आणि तो तेल कंपन्यांच्या तिजोरीत कायमचा बंद झाला.

या कथेला एक खरा पूर्वज आहे. कॅनडातल्या विनिपेगचा चार्ल्स नेल्सन पोग याने १९३० च्या दशकात पेट्रोलची पूर्ण वाफ करून इंजिनाला पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरची पेटंटं घेतली. गॅलनला २०० मैल, असा गवगवा तेव्हाच्या बातम्यांत झाला. मशीन बाजारात आलं नाही आणि तेव्हापासून ते ‘दडपलं गेलं’ असं म्हणतात. गंमत अशी, की पेटंट ही दडपण्याची अगदी उलटी गोष्ट आहे. पेटंट मिळतं तेच मुळी शोध सगळ्यांसमोर उघडा करण्याच्या बदल्यात. पोगची रेखाचित्रं कुणालाही वाचता येतात, पेटंटांची मुदत केव्हाच संपली, उद्या कुणी तो कार्ब्युरेटर बनवून विकला तर त्याला अडवणारं कुणी नाही. कुणी विकत नाही, कारण हिशेब जुळत नाही. कार्ब्युरेटरचं काम पेट्रोल आणि हवा मिसळण्याचं. नीट ट्यून केलेल्या साध्या इंजिनातही आत गेलेलं पेट्रोल जवळजवळ सगळं जळतं, न जळता बाहेर पडतं ते अगदी थोडं. नासाडी होते ती जळल्यानंतर. निर्माण झालेल्या उष्णतेपैकी फार तर पाव ते तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरच्या वाटेने हवेत जाते. कार्ब्युरेटर कितीही दैवी असला तरी त्या हिश्श्यावर त्याचा अधिकार नाही.

पण हे सांगून पाहा. समोरच्याचा चेहरा पडतो. मग तो पाण्यावर चालणाऱ्या गाडीकडे वळतो. अमेरिकेत ओहायोमधल्या स्टॅन्ली मेयरने पाण्यावर चालणारी ‘ड्यून बग्गी’, म्हणजे वाळूत पळवायची छोटी उघडी मोटार, दाखवली होती. पैसे गुंतवलेल्या दोघांनी त्याला कोर्टात खेचलं. १९९६ मध्ये न्यायालयाने त्याचं उपकरण तज्ज्ञांकडून तपासून घेतलं, ते विजेने पाण्यातले वायू वेगळे करणारं, साधं विद्युत विघटनाचं निघालं, आणि फसवणूक ठरवून पैसे परत करायला लावलं. १९९८ मध्ये एका उपाहारगृहात जेवता जेवता मेयर उठला, ‘मला विष घातलं’ म्हणत बाहेर धावला आणि मेला. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती, असा शवचिकित्सेचा निष्कर्ष. आता कोर्टाचा निकाल आणि डॉक्टरांचा अहवाल एका पारड्यात टाका आणि मरता माणूस ‘विष’ म्हणत धावतोय हे दुसऱ्यात. कुठलं जड होणार ते सांगायला नको.

सेकंडहँड बाजारातल्या गोष्टी याहून वेगळ्या, त्यांना जरा वास असतो, आणि हे शब्दशः. नवीकोरी भारी गाडी मातीमोल भावात विकायला आहे. का? मालक तिच्यात मरून पडला होता, दिवसचे दिवस कुणाला कळलं नाही, आणि आता काहीही केलं तरी दुर्गंधी जात नाही. सीट बदलल्या, पत्रा सोलला, तरी जात नाही. लोकसाहित्याचे अमेरिकी अभ्यासक रिचर्ड डॉर्सन हे या कथेच्या मागावर निघाले आणि मिशिगनमधल्या मेकॉस्टा या छोट्या गावी पोचले. तिथे १९३८ मध्ये एका माणसाने आपल्या १९२९ च्या मॉडेल ए फोर्डमध्ये आत्महत्या केली होती. हाच उगम, असं डॉर्सन यांनी ठरवलं. पुढे इतरांना तीच कथा भलत्याच गावांत, समुद्रापलीकडेही सापडली आणि मेकॉस्टाचा मान डळमळला. मला मात्र गाडीचं बढतं नशीब पाहायला मजा वाटते. साधी फोर्ड, मग ब्यूक, मग कॉर्व्हेट. प्रेत जुनंच, पण ऐकणाऱ्या पिढीला जी परवडत नाही, ती गाडी त्याच्या वाट्याला.

जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक छोटा लेख छापला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत केला होता आणि २००१ मध्ये त्याच विचारासाठी ॲकरलॉफना नोबेल मिळालं. मुद्दा साधा. गाडीत काय दडलंय ते विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीत खोट धरूनच भाव करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायलाच येत नाही आणि बाजारात रद्दी माल साठत जातो. वासाची कथा मला या सिद्धांताची सावली वाटते. स्वस्तात चांगली गाडी? मग आत कुणीतरी मेलेलं असणारच. मीटर मागे फिरवलेला, कुरकुरणाऱ्या गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा भरून आवाज दाबलेला, गाडी फक्त एका म्हातारीने रविवारी चर्चला जाण्यापुरती वापरलेली. यातल्या पहिल्या दोन गोष्टी घडत आल्या आहेत, म्हणून तर तिसरीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

मेलेल्यांचा विषय निघालाच आहे, तर शापित गाड्यांबद्दल. हॉलिवूडचा नट जेम्स डीन १९५५ मध्ये ज्या पोर्शेत गेला तिचे सुटे भाग ज्याने घेतले तो मेला, अशी एक लांबलचक माळ सांगतात. तिचा एक मणी खरा आहे: त्या गाडीचे काही भाग बसवलेली गाडी शर्यतीत चालवताना ट्रॉय मॅकहेन्री १९५६ मध्ये झाडावर आदळून मेला. बाकीच्या माळेचा मोठा भाग मोडकी गाडी प्रदर्शनात फिरवणाऱ्या जॉर्ज बॅरिसच्या तोंडून आला, आणि प्रदर्शनाला तिकीट असतं.

पण शापांमध्ये माझी पसंती साराएवोच्या गाडीला. २८ जून १९१४ ला ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या ती ग्रेफ उंड श्टिफ्ट कंपनीची उघडी मोटार. कथा म्हणते, त्यानंतर ती एका सेनापतीकडे गेली, तो वेडा झाला. मग एका कप्तानाने तिच्याखाली माणसं चिरडली. मग एक राज्यपाल, एक डॉक्टर, एक शर्यतपटू, लग्नाला निघालेलं वऱ्हाड, सगळे तिच्यापायी गेले. शेवटी ती संग्रहालयात ठेवली आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून तिचे तुकडे झाले. प्रत्यक्षात ती मोटार काउंट हाराख यांची. हत्येनंतर ती १९१४ मध्येच व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयाकडे गेली आणि आजही तिथे उभी आहे. पत्र्यातलं गोळीचं भोक दिसतं. वेडा सेनापती नाही, वऱ्हाड नाही, मधले मालकच नाहीत. आणि इतकं असूनही त्या गाडीच्या खऱ्या नंबरप्लेटवर जे आहे ते कुठल्याही कथाकाराला सुचलं नसतं: ए, मग तीन उभ्या रेघा, मग ११८. तिने सुरू केलेलं पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबलं, आणि युद्धविरामाचं इंग्रजी आद्याक्षर ए. ११-११-१८. शुद्ध योगायोग आहे. शाप रचणाऱ्या जुन्या मंडळींनी नंबरप्लेट पाहिलीच नव्हती बहुतेक.

कंपन्यांना मानवणाऱ्या गोष्टींकडे वळतो. त्या इतक्या गुळगुळीत असतात, की फार थांबावंसं वाटत नाही. बीएमडब्ल्यूचं चिन्ह म्हणजे निळ्या आकाशात फिरणारा विमानाचा पांढरा पंखा, असं सगळे सांगतात. १९१७ मध्ये नोंदवलेलं ते चिन्ह जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याच्या पांढऱ्या-निळ्या रंगांचं आहे. राज्याची चिन्हं व्यापारी मुद्रेत वापरायला कायद्याने बंदी होती म्हणून रंगांचा क्रम उलटा केला. पंखा आला १९२९ मधल्या एका जाहिरातीत, विमानाचं इंजिन विकण्यासाठी. कंपनीने तो समज पुढे कित्येक दशकं खोडला नाही. का खोडावा? रोल्स-रॉइसचा धुरा दूरच्या वाळवंटात मोडतो, कारागीर विमानाने येऊन दुरुस्ती करून जातात, मालक बिल मागतो तर उत्तर येतं, ‘आमच्या गाडीचा धुरा मोडल्याची नोंद आमच्याकडे नाही, साहेब.’ जाहिरात खात्याला असलं वाक्य पैसे देऊन सुचलं नसतं. त्याच कंपनीच्या चिन्हातली लाल अक्षरं १९३३ मध्ये काळी झाली ती हेन्री रॉइसच्या शोकात, हेही असंच. निर्णय त्याच्या मृत्यूआधीचा होता, कारण रंगसंगतीचं.

हेन्री फोर्डवर मात्र थांबायलाच हवं. मोटारधंद्यात कुणाच्याही नावावर नसलेली गोष्ट शेवटी फोर्डच्या नावावर जमा होते. ‘कुठलाही रंग घ्या, फक्त तो काळा असला पाहिजे’ हे वाक्य फोर्डने १९२२ च्या आत्मचरित्रात स्वतःच सांगितलं आणि ते १९०९ मधलं म्हणून सांगितलं. पण १९०८ मध्ये निघालेली मॉडेल टी सुरुवातीच्या वर्षांत लाल, हिरवी, करडी मिळायची. फक्त काळी झाली ती १९१४ पासून, आणि १९२६ मध्ये रंग परत आले. काळा सर्वांत लवकर वाळतो म्हणून, हे कारणही त्याच गोष्टीच्या शेपटीला बांधलेलं. स्वस्त आणि टिकाऊ, एवढंच पुरेसं होतं.

याहून चतुर गोष्ट किंगपिनची. पुढचं चाक वळताना ज्या पिनेभोवती फिरतं ती किंगपिन. फोर्डने म्हणे माणसं भंगारवाड्यांत धाडली आणि मॉडेल टीचा कोणता भाग कधीच निकामी होत नाही ते शोधायला सांगितलं. सगळं झिजतं, मोडतं, अपवाद एकच, किंगपिन, असा अहवाल आला. ऐकणाऱ्याला वाटतं, आता फोर्ड बाकीचे भाग सुधारणार. फोर्डने हुकूम दिला, की यापुढे किंगपिन हलक्या प्रतीची करा. गाडी भंगारात जात असेल तर तिच्यातल्या एकाच पिनेने अमर राहणं म्हणजे फुकट घातलेला पैसा. एका मानसशास्त्रज्ञाने १९७६ च्या निबंधाची सुरुवात ‘असं म्हणतात’ या पुस्तीसह या गोष्टीने केली आणि तिथून ती उत्क्रांतीच्या अभ्यासकांनी उचलली. निसर्गही कुठल्या अवयवावर गरजेपेक्षा जास्त खर्च करत नाही, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार? सांगता सांगता ‘असं म्हणतात’ तेवढं गळून गेलं.

मला ती गोष्ट खोटी असेल तरी हवी आहे. तिच्यातला फोर्ड खऱ्या फोर्डसारखाच विचार करतो. खऱ्या फोर्डने मॉडेल टीच्या लाकडी भागांसाठी मिशिगनमध्ये जंगल घेतलं, गिरणी टाकली, आणि उरलेल्या ढलप्या-भुसा वाया जातो हे पाहवेना म्हणून त्यापासून कोळशाच्या वड्या करून त्या फोर्डच्या गाडीविक्रेत्यांमार्फत विकल्या. तो कोळसा किंग्सफर्ड या नावाने अजून विकला जातो. आणि याच काटकसरी माणसाच्या संग्रहालयात एक बुच मारलेली परीक्षानळी आहे. तिच्यात थॉमस एडिसनचा शेवटचा श्वास आहे. मरणाऱ्याच्या ओठांशी नळी धरून श्वास पकडला, अशी दंतकथा. खरं एवढंच, की १९३१ मध्ये एडिसन वारला तेव्हा पलंगाजवळ रिकाम्या परीक्षानळ्यांचा स्टँड होता. एडिसनच्या मुलाने डॉक्टरांकडून त्या मेणाने बंद करून घेतल्या आणि एक मित्राला, म्हणजे फोर्डला, दिली. खोलीतली हवा होती ती. फोर्डने तरीही जपून ठेवली.

या सगळ्यात ज्यांच्या हातून गाडी बनते ते कुठे आहेत? त्यांचीही एक गोष्ट आहे, आणि ती या साऱ्यांत सर्वांत लहान. महागड्या गाडीच्या दारात काहीतरी खडखडतं. मालक पुनःपुन्हा दुरुस्तीला नेतो. शेवटी कुणीतरी दाराचा आतला पत्रा काढतो, तर दोरीला टांगलेली बाटली, आणि तिच्यात चिठ्ठी: ‘सापडली एकदाची, श्रीमंत हरामखोरा?’ नाव, गाव, कारखाना कशाचाच पत्ता नाही. पण १९७२ मध्ये ओहायोतल्या लॉर्ड्सटाउन कारखान्यात असेंब्ली लाइन ताशी १०० गाड्यांच्या वेगाने चालवली जात होती. एका गाडीला ३६ सेकंद. तेवढ्यात आपला नट आवळायचा, पुढची गाडी हजर. त्या वर्षी तिथे संप झाला, आणि संपाआधी गाड्या मुद्दाम बिघडवल्या जातात अशी व्यवस्थापनाची तक्रार होती. छत्तिसाव्या सेकंदाला पुढची गाडी येणार हे ठाऊक असलेला माणूस बाटली टांगायला वेळ कुठून काढेल, हा माझा रुक्ष प्रश्न. बाटली टांगायला हवी होती, असं मात्र वाटून जातं.

‘सोमवारी बनलेली गाडी घेऊ नये’ हा त्याच कथेचा सभ्य भाऊ. सोमवारी आणि शुक्रवारी कामगारांच्या दांड्या जास्त पडत हे तेव्हाच्या डेट्रॉइटमध्ये खरंच होतं. पण इंजिन एका कारखान्यात, गिअरबॉक्स दुसऱ्यात, वायरिंग तिसऱ्याकडून, प्रत्येकाचा वार निराळा. गाडीची जन्मपत्रिका मांडायची तर कुठल्या भागाची मांडणार? दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मन फौजांच्या ताब्यात असताना सित्रोएन कंपनीच्या जर्मनांसाठी बनणाऱ्या ट्रकांत तेल मोजायच्या डिपस्टिकवरची खूण मुद्दाम चुकीच्या जागी केली, म्हणजे तेल कमी असूनही पुरेसं दिसावं आणि इंजिन ऐन मोक्याला जाम व्हावं, असं सांगतात. कामगारांच्या गोष्टींत हीच एक अशी, जिच्यात कंपनीचा प्रमुख पिअर बुलांजे त्यांच्या बाजूला आहे.

आता ज्या गोष्टींना कोर्टाचे कागद आहेत त्या. अमेरिकेतल्या ट्रामगाड्या जनरल मोटर्सने कारस्थान करून संपवल्या, हे तुम्ही ऐकलं असेल. जनरल मोटर्स, टायरवाली फायरस्टोन आणि तेल कंपन्यांचा पैसा असलेल्या नॅशनल सिटी लाइन्स या कंपनीने शहराशहरांतल्या वाहतूक कंपन्या विकत घेतल्या आणि बस आणल्या, हे खरं. १९४९ मध्ये शिकागोत ज्यूरीने त्यांना दोषी धरलं हेही खरं. पण दोष सिद्ध झाला तो बस, टायर आणि इंधन आपलंच घ्यायला लावण्याचा. शहरांची वाहतूकच ताब्यात घेण्याच्या आरोपातून ते सुटले. ट्राम तशाही खंगत चालल्या होत्या, भाडी वाढवायला परवानगी मिळत नव्हती आणि रुळांवर मोटारींची गर्दी झाली होती. शिक्षा काय झाली? जनरल मोटर्सला ५,००० डॉलर दंड. कंपनीच्या खजिनदाराला वैयक्तिक दंड १ डॉलर. कारस्थानाची अख्खी दंतकथा मी या एका डॉलरवरून ओवाळून टाकीन.

फोर्डच्या पिंटो या छोट्या गाडीचं प्रकरण इतक्या सहज हसण्यावारी नेता येत नाही. सर्वज्ञात गोष्ट अशी, की मागून धडक बसल्यावर पिंटोची टाकी पेट घेते हे कंपनीला माहीत होतं, तिने हिशेब मांडला, दुरुस्तीपेक्षा मेलेल्यांची भरपाई स्वस्त पडते असं पाहिलं आणि गाडी तशीच विकली. तो कागद आहे. १९७३ चा. गाडीमागे दुरुस्तीचे ११ डॉलर, सव्वा कोटी गाड्या, खर्च १३ कोटी ७० लाख. दुसऱ्या बाजूला १८० मृत्यू, १८० भाजलेले, २,१०० जळालेल्या गाड्या, मिळून ४ कोटी ९५ लाख. मरणाऱ्याची किंमत २ लाख डॉलर. वाचताना अंगावर काटा येतो. मात्र सव्वा कोटी गाड्या पिंटो असूच शकत नाहीत. तो हिशेब देशात विकल्या जाणाऱ्या सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांचा होता, आणि तो होता गाडी उलटून लागणाऱ्या आगीचा, मागच्या धडकेचा नव्हे. फोर्डने तो सरकारच्या सुरक्षा खात्याला प्रस्तावित नियमाविरुद्ध युक्तिवाद म्हणून पाठवला होता, आणि माणसामागे २ लाख हा आकडा त्या सरकारी खात्याचाच होता.

म्हणून फोर्ड निर्दोष ठरते का? मुळीच नाही. पिंटोची टाकी मागच्या धुऱ्याच्या मागे होती, आतल्या चाचण्यांमध्ये ती गळते हे दिसलं होतं, थोडक्या डॉलरांची दुरुस्ती टाळली गेली आणि १९७८ मध्ये १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फक्त तो निर्णय कुणी एका माणसाने एका कागदावर सही करून घेतला नव्हता. वजनाची मर्यादा, किमतीची मर्यादा, घाईचं वेळापत्रक, डिकीत जागा हवी असा आग्रह, बैठकीमागून बैठका, प्रत्येकाने आपापल्या पुरता थोडा निर्णय घेतला. जादूच्या कार्ब्युरेटरच्या गोष्टीत रात्री येणारी दोन माणसं असतात, किंगपिनच्या गोष्टीत एकटा फोर्ड असतो, इथे तो कागद ते काम करतो. हजार हातांनी मिळून केलेल्या गोष्टीला एक तोंड मिळतं. त्याच्याशी भांडता येतं.

याउलट, ज्यात भांडायला तोंड स्पष्ट आहे, आकडे पक्के आहेत, कागद लाखो घरांत होते, अशी एक हकिकत दंतकथेच्या वाटेला फारशी गेलीच नाही. १९३८ मध्ये नाझी राजवटीने जर्मन कामगारांना ९९० मार्कांत मोटार देऊ केली. आठवड्याला ५ मार्कांचं तिकीट घ्यायचं, पुस्तिकेत चिकटवायचं, पुस्तिका भरल्या की गाडी. ३ लाख ३६ हजारांच्या आसपास लोकांनी तिकिटं चिकटवली. युद्ध लागलं, कारखान्यातून लष्करी गाड्या निघाल्या आणि वर्गणीदारांपैकी एकालाही मोटार मिळाली नाही. बर्लिनच्या बँकेतला पैसा युद्धानंतर रशियनांच्या हाती गेला. मग फोक्सवॅगन त्याच कारखान्यात तीच गाडी जगभर विकू लागली, तेव्हा तिकिटवाले पुस्तिका घेऊन कोर्टात उभे राहिले. खटला १९६१ पर्यंत रेंगाळला. तडजोड अशी झाली: पुस्तिका पूर्ण भरलेली असेल तर एक तर रोख १०० मार्क घ्यायचे किंवा ६०० मार्कांची सूट. आणि सूट हवी असेल तर त्यासाठी फोक्सवॅगनकडूनच नवी गाडी विकत घ्यायची होती.